सान सेबास्तियान : स्थानिक जेवण कुणाचे?

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्रान्सच्या सीमेपासून वीसेक किलोमीटरवर सान सेबास्तियान हे शहर आहे. बास्क भाषेत त्याला दोनोस्तिया म्हणतात. वस्ती सुमारे १ लाख ८८ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याच्या ठिकाणाएवढी. एवढ्या शहरात आणि त्याला लागून असलेल्या लासार्ते-ओरिया गावात मिळून मिशलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळवलेली तीन रेस्टॉरंटे आहेत : आर्साक, अकेलारे आणि मार्तीन बेरासातेगी. जुन्या वस्तीत, म्हणजे पार्ते व्येखात, अरुंद आळ्यांतून बारला लागून बार आहेत आणि त्यांच्या काउंटरवर पिंचो मांडलेले असतात. पिंचो म्हणजे दोन घासांचा पदार्थ, बहुधा पावाच्या तुकड्यावर रचलेला किंवा काडीला टोचलेला. टोचणे या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदावरूनच हे नाव आले. जगभरचे खवय्ये या शहराचे नाव आदराने घेतात. आणि गेली काही वर्षे याच शहरात असा वाद चालू आहे की, जे खायला लोक इतक्या दुरून येतात ते त्यांच्या येण्यानेच बिघडते आहे का?

या वादात मुख्यतः तीन बाजू ऐकू येतात. पहिली बाजू परंपरेची. तिच्या मते काउंटरवरचे पिंचो आता खाण्यापेक्षा बघण्यासाठी रचले जातात, आणि जुनी चव, जुना माल, जुनी रीत जपली नाही तर शहराचे खाणे नावापुरते उरेल. दुसरी बाजू व्यावसायिक स्वयंपाक्यांची आणि त्यांच्या संस्थांची. त्या म्हणतात की बास्क पाककला मोठी झाली ती बदलून, आणि बदलाचा खर्च बाहेरून येणारे गिऱ्हाईकच उचलते. तिसरी बाजू रहिवाशांची. त्यांच्या लेखी प्रश्न चवीचा नाहीच, घरभाड्याचा, रात्रीच्या गोंगाटाचा आणि किराणामालाच्या दुकानाच्या जागी आणखी एक बार येण्याचा आहे. तिन्ही बाजूंकडे पुरावा आहे. पण पहिली पदार्थाकडे बघते, दुसरी स्वयंपाक्याकडे, तिसरी आळीकडे. जेवणारा माणूस मात्र तिघींच्या हिशेबातून निसटतो. सान सेबास्तियानच्या खाण्यातले 'स्थानिक' हे पाककृतीच्या वयात नाही, मालाच्या जन्मगावातही नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या, चव ओळखणाऱ्या आणि बिघडली तर तोंडावर सांगणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकात ते आहे. इतिहास नीट तपासला तर हेच दिसते, असे माझे म्हणणे आहे.

पाहुण्यांचे शहर

सान सेबास्तियान हे मुळात बंदराचे आणि तटबंदीचे गाव. १८१३ मध्ये नेपोलियनच्या फौजांविरुद्धच्या लढाईत ते जवळजवळ पूर्ण जळाले. आग लागली तो ३१ ऑगस्टचा दिवस, आणि जी एक आळी वाचली तिला आज त्याच तारखेचे नाव आहे. खवय्यांची सर्वांत जास्त गर्दी आता त्याच आळीत होते. १८४५ मध्ये राणी इसाबेल दुसरी समुद्रस्नानासाठी इथे आली, १८६३ मध्ये तट पाडायला सुरुवात झाली, आणि १८८७ पासून राणी मारिया क्रिस्तिनाने दर उन्हाळ्यात दरबारासह इथे मुक्काम करायची प्रथा पाडली. तिचा मिरामार राजवाडा १८९३ मध्ये पुरा झाला. आज जी नगरपालिकेची इमारत आहे ते तेव्हाचे जुगारघर. १९१२ मध्ये राणीच्या नावाचे भव्य हॉटेल उभे राहिले. पहिल्या महायुद्धात स्पेन तटस्थ राहिल्याने युरोपातला पैसा आणि पैसेवाले इथे आले. त्या हॉटेलांतून जे वाढले जाई ते बहुतांशी फ्रेंच धाटणीचे.

पण त्याच १९१२ मध्ये निकोलासा प्रादेरा या बाईने 'कासा निकोलासा' सुरू केले. बास्क प्रांतात हॉटेले आणि खाणावळी चालवणाऱ्या बायकांची मोठी परंपरा होती. घरी शिकलेला स्वयंपाक, श्रीमंतांच्या घरी नोकरीत शिकलेली फ्रेंच शिस्त आणि रोजची मंडई या तिन्हींची त्यांनी मोट बांधली. निकोलासाचे पाककृतींचे पुस्तक १९३३ मध्ये निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी वापरले गेले. आज 'परंपरागत बास्क स्वयंपाक' म्हणून जे ओळखले जाते, म्हणजे हेक माशाची हिरवी रस्सेदार कृती, स्वतःच्याच शाईत शिजवलेली माकुले, खारवलेल्या कॉडचा पिल-पिल, त्याला नेमके रूप मिळाले ते या बायकांच्या हाती. आर्साक हेही १८९७ मधले मद्यगृह. हुआन मारी आर्साक यांच्या आईने ते लग्नसमारंभांच्या मेजवान्यांनी नावारूपाला आणले, आणि मग मुलाने ते जगाच्या नकाशावर नेले. आज त्यांची मुलगी एलेना तेच स्वयंपाकघर सांभाळते. २०१२ मध्ये तिला जगातली सर्वोत्तम स्त्री शेफ हा पुरस्कार मिळाला.

चोको

बायकांच्या या व्यावसायिक स्वयंपाकाला समांतर, पुरुषांची एक वेगळीच संस्था वाढली. तिला चोको किंवा पाकमंडळ म्हणतात. चोको म्हणजे बास्कमध्ये कोपरा. सभासद वर्गणी काढून एक जागा घेतात, तिथे स्वयंपाकघर, तळघर आणि लांब बाके असतात. ज्याला वाटेल त्याने माल आणावा, मित्रांसाठी रांधावे, वापरलेले तेल आणि मद्य वहीत लिहावे आणि पैसे पेटीत टाकावेत. या मंडळांची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झाली. १८७० मधले युनियन आर्तेसाना हे मंडळ आजही चालू आहे. २० जानेवारीला, शहराच्या सणाच्या दिवशी, स्वयंपाक्यांचे आणि सैनिकांचे वेष करून पिंपे आणि ढोल बडवत जी मंडळी चोवीस तास शहरभर फिरतात, त्या ताम्बोर्रादाचा कणा ही मंडळेच आहेत.

चोकोबद्दल दोन मते आहेत. एक असे की, सामान्य कारागीर, कोळी, कारकून यांना उत्तम मासळी पारखायची आणि रांधायची सवय इथे लागली. बारमध्ये येणारा माणूस स्वतः रांधणारा असेल तर बारवाल्याला हलगर्जीपणा करून चालत नाही. दुसरे असे की, ही मंडळे बायकांना दाराबाहेर ठेवून उभी राहिली, आणि रोजचा स्वयंपाक बाईचा पण कौतुकाचा स्वयंपाक बुवाचा ही वाटणी त्यांनी पक्की केली. दोन्ही मते खरी आहेत. ताम्बोर्रादात १९८० मध्ये क्रेसाला या मंडळाने पहिल्यांदा बायकांना बरोबरीने घेतले. आज पुष्कळ मंडळे बायकांना पाहुण्या म्हणून घेतात, काही सभासदत्वही देतात, काही अजून देत नाहीत. हा प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि पुढे माझ्या मुद्द्यावरच्या एका आक्षेपात तो पुन्हा येईल.

रस्त्यावर चोकोचा जोडीदार म्हणजे पोतेओ. मित्रांचा एक पक्का गट असतो. तो संध्याकाळी एका बारमध्ये शिरतो, प्रत्येकी एक छोटा प्याला घेतो, फार तर एक पिंचो खातो आणि पुढच्या बारला जातो. पैसे एका सामाईक पुंजीतून दिले जातात. हिशेब विश्वासावर चाले : निघताना गिऱ्हाइकाने आपण काय खाल्ले ते सांगायचे. या रिवाजाचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. गिऱ्हाईक थोडेच खाते, पण रोज येते. त्याला एका बारमध्ये पोट भरायचे नसते. म्हणून एका बारला दहा पदार्थ बरे येण्यापेक्षा एकच पदार्थ उत्कृष्ट यावा लागतो. एका ठिकाणी अळंबी, दुसरीकडे कोळंबी, तिसरीकडे अंड्याचे ऑम्लेट अशी ख्याती याच चालीतून तयार झाली. पिंचोची गुणवत्ता ही एकट्या स्वयंपाक्याच्या प्रतिभेची गोष्ट नाही, ती गिऱ्हाइकाच्या चालण्याच्या सवयीतून आली आहे.

१९७६ आणि त्यानंतर

१९७६ मध्ये माद्रिदला एका पाकविषयक मासिकाने परिसंवाद भरवला. फ्रान्समधले शेफ पॉल बोक्यूज त्याला आले होते. तिथे हुआन मारी आर्साक आणि पेद्रो सुबिखाना या बास्क स्वयंपाक्यांनी त्यांचे म्हणणे ऐकले, पुढे ते ल्योंजवळ त्यांच्या स्वयंपाकघरात काही दिवस राहिले आणि परतल्यावर गिपुस्कोआ या आपल्या प्रांतातल्या डझनभर स्वयंपाक्यांना घेऊन त्यांनी 'नवी बास्क पाककला' ही चळवळ सुरू केली. हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम वर्ष होत होते. बास्क भाषा आणि ओळख दडपून ठेवलेली चार दशके संपत होती, आणि आपल्या मातीच्या चवीविषयी जाहीरपणे बोलण्यालाही तेव्हा राजकीय अर्थ होता. चळवळीची उद्दिष्टे तीन : विसरलेल्या पाककृती शोधून काढणे, भेसळ होऊन बिघडलेल्या पाककृती मूळ रूपात करणे, आणि नवे पदार्थ घडवणे. ही मंडळी पाळीपाळीने एकेकाच्या रेस्टॉरंटमध्ये जेवणे मांडत आणि खाणाऱ्यांशी चर्चा करत. त्यांच्या मागे लुईस इरिसार यांची शाळा होती. १९६७ मध्ये सारौत्सला त्यांनी शिकवायला सुरुवात केली, आणि सुबिखाना त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आर्साकला १९८९ मध्ये तिसरा तारा मिळाला.

या चळवळीने परंपरा मोडली की वाचवली, यावर टीकाकार अजून दोन्ही बाजूंनी लिहितात. पण एका पदार्थाचा प्रवास बरेच सांगून जातो. आर्साक यांनी काब्रारोका नावाच्या काटेरी, दिसायला ओबडधोबड माशाचे मऊ 'पास्तेल' केले. कोळी हा मासा फारसा मोलाचा मानत नसत. काही वर्षांत ते पास्तेल साध्या बारमध्ये आले, मग घरात आले, आणि आता तरुण पिढीला ते आजीच्या हातचे वाटते. ताऱ्यांच्या रेस्टॉरंटमधून एक पदार्थ उतरला आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाने तो आपलासा केला. आणि दुसऱ्या कितीतरी कल्पना तशाच वर राहिल्या, कारण त्यांना परत मागणारे कुणी नव्हते. २०११ मध्ये मोंद्रागोन विद्यापीठाशी जोडलेले बास्क कुलिनरी सेंटर सुरू झाले आणि पाककलेत चार वर्षांची पदवी मिळू लागली. शिकणारे आणि शिकवणारे आता जगभरातून येतात. या संस्थेच्या ग्रोस भागातल्या नव्या इमारतीला, मोकळी जागा जाते म्हणून, शेजारच्या रहिवाशांनी विरोध केला. पाककलेची संस्था आणि आळी यांच्यात पडलेले हे अंतर नोंदवण्याजोगे आहे.

ताट तपासून पाहिले तर

परंपरेच्या बाजूचे म्हणणे आता पुराव्याला लावून बघू. शहराचा मानबिंदू असलेला पिंचो म्हणजे 'हिल्दा' : काडीला ओवलेले ऑलिव्ह, पिपार्रा नावाची हिरवी कमी तिखट मिरची आणि खारवलेला अँचोवी, आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. नाव पडले रीटा हेवर्थच्या १९४६ च्या त्याच नावाच्या चित्रपटावरून, कारण पदार्थही तसाच : हिरवा, खारट आणि जरा तिखट. म्हणजे वय पाऊणशे वर्षांच्या आसपास. यातली मिरची अमेरिकेतून आलेली. तीच वनस्पती पोर्तुगिजांच्या वाटेने कोकणात उतरली आणि आपण ती आपली मानली. अँचोवी मिठात मुरवून, साफ करून तेलात ठेवायची विद्या या किनाऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या सिसिलीच्या व्यापाऱ्यांनी शिकवली. आणि हा पदार्थ रचला कुणी? शहरात सांगितले जाते ते असे की, कासा वायेस या बारच्या एका रोजच्या गिऱ्हाइकाने. काउंटरवर तिन्ही जिन्नस वेगवेगळे ठेवलेले असत, त्याने ते एका काडीला ओवले. ही कथा शब्दशः खरी असो वा थोडी रंगलेली असो, शहराने आपल्या सर्वांत लाडक्या पदार्थाचे जनकत्व स्वयंपाक्याला न देता गिऱ्हाइकाला दिले, यात मला फार अर्थ दिसतो.

इतर पदार्थांचेही तसेच आहे. पिल-पिलचा कॉड बास्क किनाऱ्यावर मिळतच नाही. सोळाव्या शतकात बास्क दर्यावर्दी त्यासाठी न्यूफाउंडलंडपर्यंत जात, आज तो आइसलँड, फेरो बेटे, नॉर्वेकडून येतो. स्थानिक आहे ती कृती : मंद तेलात मासा ठेवून भांडे सतत हलवत राहायचे, म्हणजे कातडीतला चिकट रस आणि तेल एकजीव होऊन दाट पांढरट रस्सा होतो. सागार्दोतेगी, म्हणजे सफरचंदाची दारू गाळणारी घरे, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लोकांना पिंपातून थेट धार पकडू देतात आणि सोबत कॉडचे ऑम्लेट, निखाऱ्यावरचा जाड मांसाचा तुकडा, आणि शेवटी चीज, क्विन्स फळाची वडी आणि आक्रोड देतात. ते मांस पुष्कळदा गालिसियाहून किंवा मध्य युरोपातून येते, आणि सफरचंदेही बरीच बाहेरची असत. म्हणून तर २०१७ मध्ये फक्त बास्क सफरचंदांसाठी वेगळा उगमदर्शक शिक्का काढावा लागला. गेतारियाच्या चाकोली या फिक्या आंबट वाइनला तसा शिक्का १९८९ पासून आहे. ३१ ऑगस्टच्या आळीतल्या ला विन्या या बारमध्ये १९९० च्या सुमारास केलेला, वरून करपवलेला चीजकेक तर आता मुंबई-पुण्याच्या कॅफेंत 'बास्क' म्हणून विकला जातो. त्याला अजून चाळीस वर्षेही झालेली नाहीत.

मग परंपरेची बाजू खोटी ठरली का? नाही. उगमदर्शक शिक्के उपयोगी आहेत, कारण त्यांच्यामुळे फळबागा आणि द्राक्षमळे शेतकऱ्याच्या हातात टिकतात. पण शिक्का माल कुठला ते सांगतो, पदार्थ चांगला का ते सांगत नाही. वय आणि उगम या दोन्ही कसोट्यांवर या शहराचे निम्मे खाणे नापास होईल, आणि तरी कुठलाही दोनोस्तियावासी ते परके मानणार नाही. बाहेरचा माल, बाहेरची विद्या, कालचा पदार्थ, हे सगळे इथे शेकडो संध्याकाळी मागितले गेले, नाकारले गेले, सुधारले गेले आणि मग इथले झाले. ती प्रक्रिया चालू राहते आहे की नाही, हा खरा प्रश्न.

गर्दी

ती प्रक्रिया अडखळण्याची कारणे पाहण्याआधी एक गोष्ट न विसरणे न्याय्य ठरेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शहर हिंसेच्या सावलीत जगले. जानेवारी १९९५ मध्ये नगरसेवक ग्रेगोरियो ओर्दोन्येस यांची एता या सशस्त्र बास्क फुटीरतावादी संघटनेच्या हल्लेखोरांनी पार्ते व्येखातल्या एका बारमध्ये, जेवणाच्या टेबलावर हत्या केली. एताने ऑक्टोबर २०११ मध्ये शस्त्रसंघर्ष कायमचा थांबवल्याचे जाहीर केले. लोक न घाबरता या आळ्यांत येऊन जेवतात ही शांततेची मिळकत आहे, आणि पर्यटनाला सरसकट दोष देणाऱ्याने ती जमेस धरली पाहिजे. २०१६ मध्ये पोलंडच्या व्रोत्स्वाफबरोबर सान सेबास्तियान युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. स्वस्त विमाने आणि फोनवरच्या शिफारशींचा काळही हाच.

काउंटरवर काय बदलले? नवा पाहुणा बहुधा एक-दोन रात्रींचा. त्याला एका संध्याकाळी सगळे चाखायचे असते, म्हणून तो मोठी बशी मागतो, ती एकाच ठिकाणी भरतो आणि तेच त्याचे जेवण होते. बशी भरायची तर दुपारपासून काउंटर गच्च पाहिजे, गच्च काउंटरवर तासन्‌तास राहतील असे थंड, अंडेसॉसचे, पावाचे पदार्थ हवेत, आणि फोटोत उठून दिसायचे तर रचना उंच हवी. चांगल्या बारांनी याला उत्तरही काढले. काउंटर जवळजवळ रिकामा ठेवायचा आणि फळ्यावर लिहिलेले गरम पदार्थ सांगितल्यावरच करून द्यायचे. विश्वासावरचा हिशेब मात्र अनेक ठिकाणी बशी मोजण्यावर आला. दोष कुणाचा काढायचा? पाहुणा प्रामाणिकच असतो, पण तो उद्या येणार नसतो. वाईट पिंचो खाल्लेला पाहुणा फार तर दूर जाऊन तक्रार लिहितो. त्याच्या जागी उद्या दुसरा येतो. पूर्वी चुकीची शिक्षा दुसऱ्याच दिवशी रिकाम्या काउंटरने मिळे.

रहिवाशांचे उत्तर वेगळ्या दिशेने आले. नगरपालिकेने २०१८ मध्ये पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घरांवर विभागवार निर्बंध घातले. मार्गदर्शकासोबत फिरणाऱ्या गटांना २५ जणांची मर्यादा आली. हे उपाय चवीसाठी केलेले नाहीत, पण माझ्या मते चवीशी त्यांचा संबंध सर्वांत थेट आहे. पार्ते व्येखात राहणारी कुटुंबे उरली नाहीत तर संध्याकाळी खाली उतरून एक प्याला घेणारे गिऱ्हाईकही उरत नाही. ला ब्रेचा ही १८७० मधली मंडई तिच्या जुन्या इमारतींतून तळघरात गेली आणि वर दुकाने आली. मासळीवाल्या आणि शेतकरी बाया आजही तिथे बसतात, पण सभोवार रांधणारी घरे कमी झाली की मंडईचा आधार हॉटेलांवर येतो. बार वाचवायचा तर वरच्या मजल्यावरचे घर आधी वाचवावे लागते. या बाबतीत रहिवाशांची बाजू स्वतःला समजते त्यापेक्षा पाककलेच्या जास्त जवळ आहे.

आक्षेप

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप इतिहासाचाच. हे शहर दीडशे वर्षे पाहुण्यांवर जगले, मग आजचा पाहुणाच का खुपतो? पण राणीचा दरबार दर उन्हाळ्यात येई आणि महिनोन्‌महिने राही. माद्रिदची कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच घरात उतरत. फ्रँकोही १९४० पासून १९७५ पर्यंत आयेते राजवाड्यात उन्हाळे काढी. त्या राजवटीबद्दल कुणी काहीही म्हणो, खाणावळीच्या दृष्टीने तिचा पाहुणा ओळखीचा होता, आणि गेल्या वर्षीची चव त्याच्या लक्षात असे. फरक गावकरी आणि परका असा नाही. फरक परत येणारा आणि न येणारा असा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो वजनदार आहे. हेकच्या गळ्याखालचा मऊ लचका, ज्याला कोकोचा म्हणतात, किंवा हंगामाच्या सुरुवातीचा बोनितो, आपल्या कुप्याचा भाऊबंद, यांना आज जो भाव मिळतो तो नेहमीच्या गिऱ्हाइकाला रोज परवडणारा नाही. बाहेरचा पैसा आला नाही तर कोळी तो मासा फ्रान्सला किंवा माद्रिदला पाठवील. मोठ्या स्वयंपाकघरांत शिकलेली पोरे पुढे छोटे बार काढतात हेही खरे. हे मी मान्य करतो. ताऱ्यांची रेस्टॉरंटे आणि आळीतले बार हे एकमेकांचे शत्रू नाहीत. पण पैसा माल टिकवतो, पारख टिकवत नाही. ग्रोस भागातल्या बारांनी आर्थिक मंदीच्या काळात आठवड्यातल्या एका संध्याकाळी प्याला आणि पिंचो मिळून ठरलेल्या स्वस्त दरात द्यायची 'पिंचो-पोते' रीत चालवली, आणि तरुण रहिवासी पुन्हा काउंटरवर आले. ते पिंचो सर्वोत्तम असतात असे नाही. तरी नेहमीचे गिऱ्हाईक हे हवापाण्यासारखे आपोआप मिळत नाही, त्याच्यासाठी दर आणि वेळ राखून ठेवावी लागते, हे त्या बारवाल्यांनी ओळखले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. 'नेहमीचे गिऱ्हाईक' हा शब्द ऐकायला प्रेमळ असला तरी त्याच्या आड बंद दार असू शकते. चोकोच्या दारावर बायका थांबल्या, तसेच उद्या इथल्या स्वयंपाकघरांत राबणारे लॅटिन अमेरिकेतले स्थलांतरित थांबतील. ही भीती खोटी नाही. पण कसोटी जन्माची नसून परत येण्याची आहे, आणि ती नीट लावली तर दार उघडावेच लागते. शहराच्या चवीला रूप दिले ते निकोलासासारख्या बायकांनी. त्यांना टेबलावर जागा न देणारी मंडळे स्वतःच्याच परंपरेला अर्धीच ओळखत होती. जो माणूस दहा वर्षे इथे भांडी घासतो, मासे साफ करतो आणि सुटीच्या दिवशी शेजारच्या बारमध्ये उभा राहतो, तो त्या बारचे गिऱ्हाईक आहे. त्याच्या गावची मिरची उद्या काडीला ओवली गेली तर त्यात नवे काही नसेल.

न सुटलेले

एवढे मांडूनही काही गाठी सुटत नाहीत. नगरपालिका खाटा मोजू शकते, गटातली माणसे मोजू शकते, पण परत येणारे गिऱ्हाईक कसे मोजायचे आणि कायद्याने कसे राखायचे, याला अजून कुणाकडे उत्तर नाही. बास्क पाककलेचे शिक्षण जागतिक झाल्यावर तिथे शिकवली जाणारी चव कुणाच्या जिभेवर पारखली जाते, हाही प्रश्न उघडा आहे.

आणि एक गाठ खुद्द माझ्या कसोटीलाच पडलेली आहे. बिस्केच्या उपसागरातला अँचोवी इतका घटला की २००५ ते २०१० त्याची मासेमारी बंद ठेवावी लागली. बंदी पाळली गेली, साठा सावरला, हिल्दा वाचली. तेव्हा अँचोवीला मागणी कुणाची होती? मुख्यतः नेहमीच्या गिऱ्हाइकांचीच. पारख असलेली जीभही समुद्र रिकामा करू शकते. अँगुला, म्हणजे बामाची काचेसारखी पारदर्शक पिल्ले, हे तर याहून कठीण प्रकरण. ओरिया नदीकाठच्या अगिनागाचे लोक ती रात्री कंदिलाच्या उजेडात पकडत, आणि २० जानेवारीच्या सणाच्या आदल्या रात्री लसूण-मिरचीच्या फोडणीत ती मातीच्या भांड्यात उकळत वाढली जात. धरणे, प्रदूषण, निर्यात आणि हीच हौस, सगळ्यांनी मिळून युरोपातला बाम अतिसंकटग्रस्त यादीत नेला. खरी अँगुला आज मोजक्यांनाच परवडते. बास्क प्रदेशातल्याच एका कंपनीने १९९० च्या दशकात माशाच्या लगद्यापासून तसेच दिसणारे 'गुला' बनवले, त्यात मासा उत्तर पॅसिफिकचा. आता कित्येक घरांत आणि बारांत तेच, त्याच लसूण-मिरचीत, त्याच मातीच्या भांड्यात येते. परत येणारे गिऱ्हाईक ते मागते. माझ्या कसोटीने ते स्थानिक ठरायला हवे, आणि नदीतल्या उरल्यासुरल्या पिल्लांना त्यामुळे थोडा श्वास मिळत असेल तर त्याचे स्वागतही करायला हवे. तरी जुन्या चोकोतला ज्याला खरी चव आठवते तो माणूस भांड्यात लाकडी काटा घालताना क्षणभर थांबतो, आणि त्याचे ते थांबणे मला चुकीचे म्हणता येत नाही.